गाऊन नको, ब्लेझर नको, पण वहिनी यायलाच हव्यात

पत्र:

ताई, मी 62 वर्षांचा. साखर कारखान्याच्या हिशेब विभागातून निवृत्त झालो, राहायला सांगलीत विश्रामबागेत. लेक आणि जावई पुण्याला असतात. त्यांनी डिसेंबरात आम्हा दोघांना क्रूझवर न्यायचं ठरवलंय. मुंबईहून निघून कोची, लक्षद्वीप, गोवा आणि परत मुंबई, पाच रात्री. नातूही असेल. तिकिटं काढून झाली. अडचण कपड्यांची आहे. मी घरात लेंगा-बनियन, बाहेर हाफ शर्ट आणि सँडल घालणारा माणूस. टाय कधी बांधला नाही. हिला रोज सुती साडी, प्रवासात पंजाबी ड्रेस. लेकीने यादी पाठवली आहे: माझ्यासाठी ब्लेझर, टाय, चामडी बूट; हिच्यासाठी दोन गाऊन आणि टाचांच्या चपला. हिशेब बावीस हजारांवर जातो. जहाजाच्या कागदावर लिहिलंय की संध्याकाळच्या जेवणाला स्मार्ट कॅज्युअल, एक रात्र गाला नाइट आणि त्या दिवशी फॉर्मल, जेवणघरात पोहण्याचे कपडे, बनियन आणि रबरी स्लीपर नको. हे सगळं वाचून ही म्हणते, "तुम्ही जा, मी घर सांभाळते. या वयात गाऊन घालून मी हसं करून घेणार नाही." आम्हाला खरंच दारातून परत पाठवतील का? नेमकं काय न्यावं?

– एक वाचक, विश्रामबाग

उत्तर:

दादा, नमस्कार. हे उत्तर वहिनींनाही वाचून दाखवा, कारण त्यातलं निम्मं त्यांच्यासाठी आहे.

आधी दाराचं बोलू. तुम्हाला कुणीही परत पाठवणार नाही. तुम्ही कागदावरची जी तीन नावं लिहिलीत, पोहण्याचे कपडे, बनियन आणि रबरी स्लीपर, तेवढ्यापुरतीच जेवणघराच्या दाराशी अडवणूक असते. स्मार्ट कॅज्युअल म्हणून ते जे मागतात, त्यात कॉलरचा इस्त्री केलेला शर्ट, फुल पँट आणि मागे पट्टा असलेले नीट सँडल किंवा साधे बूट एवढं बसतं. तुम्ही बँकेत पेन्शनच्या कामाला जाताना जे घालता तेच. हाफ शर्ट असला तरी चालतो. आणि ज्यांना एखाद्या संध्याकाळी अजिबात तयार व्हायचं नसेल त्यांच्यासाठी बहुतेक जहाजांवर वरच्या मजल्यावर बुफे चालू असतो, तिथे लोक दिवसाच्या कपड्यांतच जेवतात. उपाशी कुणी राहत नाही.

लेकीची यादी आली कुठून, हेही लक्षात घ्या, म्हणजे तिच्यावर राग धरणार नाही. जहाजप्रवास म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ती अटलांटिक ओलांडणारी जुनी जहाजं: पहिला वर्ग, तिसरा वर्ग, रात्रीच्या जेवणाला काळे कोट. ती पद्धत अजून अगदीच संपलेली नाही. क्यूनार्ड कंपनीचं क्वीन मेरी 2 हे जहाज 2004 पासून साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क अशा फेऱ्या करतं आणि त्यावर आजही गाला संध्याकाळ असते, पुरुष टक्सिडो किंवा गडद सूट घालून येतात. पण सुट्टीच्या क्रूझचा रिवाज तिथून फार पुढे आला आहे. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 2000 साली फ्रीस्टाइल नावाने ठरलेली जेवणाची वेळ आणि फॉर्मलची सक्ती दोन्ही काढून टाकली, आणि मग इतरांनीही हळूहळू दोर सैल केला. मुंबईहून कोची-गोव्याला जाणाऱ्या जहाजावर बरीच माणसं तुमच्यासारखीच असतात: आजी-आजोबा, लेकी-जावई, पोरंबाळं. तिथे टाय बांधलेला माणूस शोधावा लागतो.

आता वहिनी, तुमच्याशी. गाला नाइटला गाऊनच लागतो असं कुठेही लिहिलेलं नाही. साडी हा फॉर्मल पोशाख आहे, आपल्याकडेही आणि बाहेरही. एवढी कडक समजली जाणारी क्यूनार्डसुद्धा गाला संध्याकाळी पाहुण्यांचा औपचारिक राष्ट्रीय पोशाख मान्य करते, आणि तसं लिहून ठेवते. मग मुंबईच्या जहाजावर तुमच्या काठापदराच्या साडीला कोण नाही म्हणेल? तुमच्या कपाटात लग्नामुंजीला नेसायची एखादी रेशमी किंवा नारायणपेठ असेलच. ती नेसा, मोजकं काहीतरी गळ्यात घाला आणि जिन्यावरून जेवणघरात उतरा. मी जहाजांवर त्या रात्री पाहिलं आहे: ज्या बायका उसन्या गाऊनमध्ये असतात त्या अर्धा वेळ गळा आणि खांदे सावरत बसतात, आणि साडीतल्या बाईला उठताबसता काहीच सावरावं लागत नाही, कारण चाळीस वर्षांची सवय तिच्या हातात असते. कपडा अंगाला सवयीचा असला की चेहरा मोकळा राहतो, फोटोतही तो दिसतो. गाऊन घालणं चूक नाही, ज्यांना आवडतो त्यांनी हौसेने घालावा. पण गाऊनपायी तुम्ही घरी राहणार असाल तर ते मला मुळीच पटत नाही. नातवाला समुद्रावर पहिल्यांदा सूर्य बुडताना बघायचा आहे आणि त्याची आजी विश्रामबागेत कुलूप सांभाळत बसली आहे, असं होऊ देऊ नका.

दादांसाठी त्या रात्री झब्बा-लेंगा आणि वर नेहरू जॅकेट. झब्बा पांढरा किंवा मोतिया, जॅकेट गडद निळं नाहीतर मरून. कुणाकडे बंद गळ्याचा कोट असेल तर फारच उत्तम, आपले राजदूत परदेशात औपचारिक समारंभांना बंदगळाच घालतात. कापड पेठेत तयार जॅकेट मिळतात. शिवून हवं असेल तर महिनाभर आधी टेलरकडे माप द्या, लग्नसराईत टेलरला श्वास घ्यायला फुरसत नसते. ब्लेझर मात्र विकत घेऊ नका. पाच रात्रींतल्या एका रात्रीसाठी घेतलेला ब्लेझर पुढची दहा वर्षं प्लास्टिकच्या खोळीत लटकतो. जावयाने आग्रहच केला तर लग्नासाठी ब्लेझर भाड्याने देणारी दुकानं आहेत, तिथून आणा.

हे झालं एका रात्रीचं. आता खरा विषय, ज्याबद्दल लेकीच्या यादीत एक ओळही नाही: वारा, पाणी, गारठा आणि चालणं. जहाजावरचे कपडे या चार गोष्टी ठरवतात. गाला नाइट चार तासांची, पण डेकवर तुम्ही रोज असणार.

वाऱ्याचा हिशेब असा. जहाज साधारण 18 नॉट वेगाने चाललं तर ते ताशी 33 किलोमीटर झाले. समुद्रावर पानही हलत नसेल तरी डेकवर उभ्या माणसाला तेवढा वारा लागतोच, विश्रामबागेतून मिरजेकडे स्कूटर तीस-पस्तीसने चालवताना छातीवर येतो तेवढा. समोरून वारा असेल तर तो त्यात मिळवायचा. त्यामुळे डेकवर जॉर्जेट, शिफॉन अशा हलक्या साड्या नेसूच नयेत. पदर तोंडावर येतो, निऱ्या पायांत गुंडाळतात, आणि ओल्या फरशीवर पायात काही अडकणं धोक्याचं. डेकवर साडी नेसायचीच असेल तर इरकली नेसा. सुती अंग आणि जड काठ असला की साडी खाली बसून राहते. पदर खांद्यावर दोन ठिकाणी पिनेने लावा, टोक कमरेला खोचा, परकर जरा घेरदार आणि जाड घ्या. आणि साडी नेसायच्या आधी चप्पल घाला, मग उंची ठरवा. काठ जमिनीपासून दोन बोटं वर राहिला पाहिजे, कारण डेक सकाळी धुतलेला असतो आणि खाऱ्या पाण्याचा डाग रेशमावर पडला तर जात नाही. रेशमी साडी म्हणूनच फक्त आत, संध्याकाळनंतर.

दिवसा पंजाबी ड्रेसच बरा. कमीजचे बाजूचे कट फार वरपर्यंत नसावेत आणि सलवारीपेक्षा सरळ पँट किंवा लेगिन्स बरी पडते. ओढणी न्यायची तर जाड सुती, दोन्ही टोकं मागे गाठ मारता येतील अशी. दादा, तुमच्या हाफ शर्टांना वाऱ्याचं काही वाटत नाही, पण टोपीला दोरी हवी. दोरी नसलेल्या टोप्या पहिल्याच दिवशी अरबी समुद्रात जातात.

बाहेर वारा आणि आत गारठा. जहाजाचं थिएटर, जेवणघर, मोठे हॉल सगळीकडे एसी चालू असतो, आणि दोन तासांचा कार्यक्रम बघताना साठीतल्या माणसांचे खांदे दुखायला लागतात. वहिनींनी एक शाल हाताशी ठेवावी. दादांनी एक पातळ फुल बाह्यांचं स्वेटर किंवा चेनचं जॅकेट घ्यावं, जे डेकवर रात्रीही चालेल. सांगलीत डिसेंबरात पहाटे फिरायला जाताना घालता तेवढं पुरे. कानटोपी घेतलीत तरी हरकत नाही, रात्री डेकवर पुढच्या टोकाला उभं राहायचं असेल तर ती लागेलच.

पायांत काय घालायचं यावर मात्र पैसे खर्च करा. टाचांच्या चपला पूर्ण रद्द. जहाज सतत थोडं डोलत असतं, जिने लोखंडी असतात, आणि बंदरावर उतरताना जी फळी लावतात तिच्यावर आडव्या पट्ट्या असतात, टाच नेमकी तिथे अडकते. कोल्हापुरी मला मनापासून आवडते, पण तिचा चामडी तळ ओल्या डेकवर सटकतो आणि पाण्याने चप्पलही कामातून जाते. ती गाला नाइटला झब्ब्याखाली घाला, शोभेल, तेवढीच. बाकी वेळ दोघांनाही मागून पट्टा आणि खाली रबरी, खाचांचा तळ असलेले सँडल हवेत, ज्यांना आपण फ्लोटर्स म्हणतो ते. ते ओले झाले तरी चालतात, वाळूत चालतात, आणि लक्षद्वीपला तर त्यांच्यावाचून चालणारच नाही. नवे घेणार असाल तर आत्ताच घ्या आणि रोज सकाळी फिरताना घाला, म्हणजे जहाजावर फोड येणार नाहीत.

लक्षद्वीपचा दिवस कपड्यांच्या दृष्टीने सगळ्यात अवघड आहे, म्हणून थोडं सविस्तर. तिथे मोठं जहाज बेटाला लागत नाही. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आणि आत उथळ निळं पाणी असतं, त्यामुळे जहाज बाहेर नांगर टाकतं आणि माणसांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. जहाज आणि बोट दोन्ही वरखाली होत असतात. बोटीवरचा माणूस तुमचा दंड धरतो, "आता" म्हणतो, आणि तुम्ही पाऊल टाकायचं. त्या वेळी दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणजे हातात पिशवी नको, खांद्यावरून आडवी अडकवायची बॅग हवी. साडी त्या दिवशी नकोच, वहिनी. ड्रेसवर लाइफ जॅकेटही नीट बसतं. किनाऱ्याजवळ पाण्यात उतरलात तर प्रवाळाचे तुकडे सुरीसारखे लागतात, सँडल काढू नका. तिथलं ऊन पांढऱ्या वाळूवरून उलटं अंगावर येतं, त्यामुळे फुल बाह्यांचा पातळ सुती शर्ट हाफ शर्टापेक्षा थंड वाटेल. आणि बेटावरची वस्ती बहुतांश मुस्लिम आहे, पेहराव अंगभर असतो. किनाऱ्यावर पोहून झालं की गावातून फिरताना अंगभर कपडे घालावेत, जावयालाही सांगा. आपल्या गावात पाहुण्याने जसं वागावं असं आपल्याला वाटतं तसंच आपणही तिथे वागायचं.

पोहण्याचं विचारलं नाहीत, पण विचारायला लाजला असाल असं समजून सांगते. कृष्णेत हाफ चड्डीवर पोहायला शिकलेल्या माणसाला जहाजाच्या तरण तलावात चड्डीवर उतरू देत नाहीत. सुती कपडा पाणी धरतो, जड होतो, त्याचे धागे गाळणीत जातात. नायलॉनची गुडघ्यापर्यंतची स्विमिंगची पँट घ्या. वहिनींसाठी कोपरापर्यंत बाह्यांचा टॉप आणि घोट्यापर्यंत लेगिन असलेला स्विमिंगचा पोशाख मिळतो, वर छोटा घेर असतो. तो घालून अनेक आज्या नातवंडांबरोबर पाण्यात बसतात. पोहता येत नसलं तरी पायऱ्यांवर बसून पाय बुडवायला मजा येते, त्यासाठी तरी घ्या. पाण्यातून निघालं की तसंच लिफ्टमधून खोलीपर्यंत जायचं नाही, वरून झब्बा किंवा कुर्ता चढवायचा. टॉवेल जहाजाचे मिळतात, घरचे नेऊन बॅग भरू नका.

कोची आणि गोव्याला देवळं, चर्च बघायची असतील तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हा एक नियम ध्यानात ठेवला की पुरे. फोर्ट कोचीत सेंट फ्रान्सिस चर्च आहे, त्या जागी पहिलं चर्च 1503 साली उभं राहिलं; वास्को द गामाला 1524 मध्ये आधी तिथेच पुरलं होतं. जवळच मट्टनचेरीला 1568 चं परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, आहे, तिथे चपला बाहेर काढाव्या लागतात आणि अर्धी चड्डी, बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत. केरळातल्या बऱ्याच देवळांत पुरुषांना शर्ट काढून आत जावं लागतं आणि काही ठिकाणी पँटही चालत नाही, मुंडू लागतो. दर्शनाची इच्छा असेल तर एक पांढरं सुती धोतर किंवा लुंगी बॅगेत टाका, जागा घेत नाही. गोव्यात जुन्या गोव्याचं बॉम जेझूस चर्च असो की मंगेशी, शांतादुर्गा असो, जावयाची बर्म्युडा तिथे अडवतील. तुमच्याकडच्या कितीतरी घरांची कुलदैवतं गोव्यात आहेत. तुमचंही असेल तर त्या दिवशी वहिनींनी खुशाल साडी नेसावी, गोव्यात जहाज धक्क्याला लागतं, उतरणं सोपं असतं.

इस्त्रीची एक अडचण येईल. आगीच्या भीतीने जहाजावर खोलीत इस्त्री वापरता येत नाही, सोबत नेलीत तर ती बॅग तपासताना काढून ठेवतात. त्याच कारणाने उदबत्ती, निरांजन, मेणबत्ती, विजेची किटलीही नेऊ नका. वहिनींना रोजच्या पूजेचं वाईट वाटेल, पण चार दिवस फूल आणि नमस्कार पुरे, देवाला कळतं. तर कपडे असे निवडा की चुरगळलं तरी चालेल. खळ घातलेली सुती साडी आणि खादीचा झब्बा बॅगेतून काढल्यावर दयनीय दिसतात. दादांचे टेरिकॉटचे शर्ट इथे उपयोगी पडतील. हँगरला लावून बाथरूममध्ये लटकवा आणि गरम पाण्याने आंघोळ करा, वाफेने बऱ्याचशा चुण्या जातात. गाला नाइटचे कपडे मात्र सांगलीतूनच कडक इस्त्री करून, मधे मऊ कागद घालून न्या, किंवा जहाजाच्या लाँड्रीत पैसे देऊन करून घ्या.

धुतलेलं काही बाल्कनीत वाळत घालायचं नाही. उडून खालच्या डेकवर जातं, आणि मनाई असते ती वेगळीच. बाथरूममध्ये बहुतेक एक ओढून लावायची दोरी असते, बनियन-रुमाल तिथे रात्रीत वाळतात, एसीने हवा कोरडी असते. खोली लहान असते, दीड-पावणेदोनशे चौरस फुटांची, आणि कपाटही तसंच अरुंद. भिंती बहुधा लोखंडी असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे चार हुक नेलेत तर टोप्या, पिशव्या, ओला शर्ट टांगता येतो. ही युक्ती फार उपयोगी आहे, कमी लोकांना माहीत असते.

एवढं सगळं मिळून बॅग किती? दादा, तुम्हाला दोन फुल पँट, एक थ्री-फोर्थ, चार-पाच शर्ट किंवा कॉलरचे टी-शर्ट, एक झब्बा-जॅकेट, स्विमिंगची पँट आणि स्वेटर. लेंगा-बनियन खोलीत खुशाल घाला, तुमचीच खोली आहे; फक्त चहा आणायला त्यात बाहेर पडू नका. वहिनींना तीन ड्रेस, एक इरकली, एक भारी साडी, शाल आणि स्विमिंगचा पोशाख. दोघांत एक मध्यम बॅग आणि एक खांद्यावरची. नवीन घ्यायचं ते म्हणजे दोघांचे सँडल, पोहण्याचे कपडे, आणि हवं तर जॅकेट. हे बावीस हजारांच्या जवळपासही जात नाही. उरलेले पैसे कोचीत वेलदोडे-मिरी घ्यायला आणि नातवाच्या हौसेला ठेवा.

आता लेकीला कसं सांगायचं. तिने यादी अपमान करायला पाठवलेली नाही. आपल्या आईवडिलांकडे कुणी वाकड्या नजरेने बघू नये, एवढीच तिची काळजी असणार, आणि जहाजवाले त्या रात्री फोटो काढतात तेव्हा सगळ्यांचा एक छान फोटो हवा, ही हौस. दोन्ही रास्त आहेत. तेव्हा फोनवर वाद घालू नका. वरचे सगळे कपडे एक दिवस पलंगावर मांडा, दोघांच्या सहा दिवसांच्या जोड्या लावा आणि फोटो काढून तिला पाठवा. सोबत लिहा, "गाला नाइटला आम्ही असे असू. तुम्ही काय घालताय ते सांग, रंग जुळवू." वहिनींची साडी निळी असेल तर लेकीचा गाऊन निळा, जावयाचा शर्ट निळा, नातवाला निळा कुर्ता. फोटो तिच्या मनासारखा येईल आणि तिच्या आईच्या अंगावर आईचेच कपडे असतील. मला वाटतं, तो फोटो बघून ती स्वतःच यादी मागे घेईल. नाहीच घेतली, तर वहिनींनी तिला एकदा स्पष्ट सांगावं की मी साडीत येते, नाहीतर येत नाही. लेकी ऐकतात.

शेवटचं, निघायच्या दिवसाचं. तुम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसने जाणार असाल तर सकाळीच छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतराल, जहाजाचा धक्का, बॅलार्ड पिअर, तिथून टॅक्सीने अगदी जवळ. पण जहाजावर चढायला दुपार होते, आणि मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतात, त्या खोलीवर पोचायला संध्याकाळ होऊ शकते. म्हणून खांद्यावरच्या बॅगेत औषधं, ओळखपत्र, चष्मा, एक-एक बदलायचा कपडा आणि पोहण्याचे कपडे ठेवा. नातू चढल्या चढल्या पाण्याकडे धावणार, हे गृहीत धरा. आगगाडीत रात्रभर घातलेला शर्ट स्टेशनवरच बदला, कारण चढतानाच ओळखपत्रासाठी फोटो काढतात आणि तोच पाच दिवस दाराशी दिसत राहतो. परतीच्या आदल्या रात्री बॅगा भरून खोलीबाहेर ठेवायला सांगतात, त्या थेट मुंबईत मिळतात. झोपायच्या आधी दुसऱ्या दिवशीचा शर्ट-पँट, वहिनींचा ड्रेस आणि दोघांचे सँडल बाहेर काढून खुर्चीवर ठेवा, मगच बॅगेची चेन लावा. आणि साडीच्या पिनांची डबी वहिनींच्या पर्समध्येच राहू द्या, मोठ्या बॅगेत नको.